पायवाटेतला प्रक्षेप

नागपूरहून रामटेकला जाणारी बहुतेक मंडळी आता मोटारीने गडाच्या दारापर्यंत पोहोचतात. आम्ही मात्र अंबाळा तलावाकडून वर जाणाऱ्या जुन्या पायऱ्यांनीच चढत आलो. मेघदूतातला रामगिरी मल्लिनाथाने चित्रकूट मानला, वा. वि. मिराशींनी तो रामटेकच असल्याचे साधार मांडले. वर्गात हा वाद शिकवायचा आणि पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन इथे यायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ.

एका वर्षी परतताना उशीर झाला, म्हणून आम्ही पायऱ्या सोडून उताराने सरळ खाली उतरलो. आमच्यामागून सगळा वर्ग उतरला. पुढच्या वर्षी तिथे मळलेली वाट दिसली; इतरांनीही ती आपली मानली होती. त्याच्या पुढच्या वर्षी वाट उरली नव्हती, घळ झाली होती.

कारण साधे आहे. पावलांखाली गवत मरते, माती दाबली जाते आणि पाणी जिरेनासे होते. उताराला सरळ छेदणारी वाट म्हणजे पाण्याला आयता मिळालेला पाट. ते माती नेते, मग शेजारच्या पायरीखालचा आधारही पोखरते.

आपण केलेली मोडतोड आपणच निस्तरावी, असे ठरले. ऐतिहासिक पायऱ्यांना हात लावण्याचा अधिकार आमचा नव्हता. परवानगी काढून आम्ही फक्त घळीवर काम केले. सिमेंट ओतण्याचा आमचा उत्साह एका वृद्ध गवंड्याने मोडून काढला. आधी पाण्याची सोय लावा, माणसांचे नंतर पाहा, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या सांगण्यावरून घळीत ठिकठिकाणी तिरपे दगड अर्धे पुरून बसवले, म्हणजे पाणी वेग घेण्याआधीच बाजूच्या गवतात वळावे. घळीच्या दोन्ही तोंडांशी काटेरी फांद्या रचल्या. पुढे दर पावसाळ्याआधी दगडांमागे साचलेला गाळ उपसत राहिलो.

संहितेचा संपादक नवा श्लोक रचत नाही. प्रक्षेप ओळखून दूर करतो, इतकेच. हे आम्ही अनेकदा शिकवले होते. या खेपेस प्रक्षेप आमचाच होता, आणि तो काढणे घालण्याहून फार कष्टाचे होते.

मेघदूतातल्या रामगिरीच्या उतारांवर रघुपतीची पावले उमटलेली आहेत. रामटेकच्या उतारावरची आमची पावले पुसण्यात तीन पावसाळे गेले. घळ अजून पुरती भरलेली नाही. तिच्या काठांवर गवत मात्र धरले आहे.