एकास बहात्तर

बदलीच्या नोकरीत माणसाचे सामान दोन जातींचे होऊन बसते. पहिल्या जातीचे सामान प्रत्येक बदलीत कोठे तरी खरचटते, फुटते आणि अखेर कोणत्या तरी गावी शेजाऱ्याला देऊन टाकावे लागते. मोठे कपाट, आरसा, कुंड्या ही त्या जातीची. दुसऱ्या जातीचे सामान इतके लहान असते, की ते ट्रकवाल्याच्या स्वाधीन न करता आगगाडीत मांडीवर घेऊन बसता येते. घर सोडून परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणां सर्वांचा जीव बहुधा या दुसऱ्या जातीत गुंतलेला असतो. कोणाचा पोस्टाच्या तिकिटांत, कोणाचा आईने दिलेल्या गोड्या मसाल्याच्या बरणीत. आमचा तो विमानांत आहे. बुटांच्या एका खोक्यात दोन लढाऊ विमाने ऐसपैस मावतात, असे सांगितले की कार्यालयातील सहकारी आमच्याकडे थोड्या करुणेने पाहतात. पण सरकारी निवासस्थानाच्या दोन खोल्यांत याहून मोठे हवाई दल ठेवावयाचे तरी कोठे?

ही विमाने खऱ्याच्या एक बहात्तरांश आकाराची असतात. बहात्तर हा आकडा कोणी डोळे मिटून काढलेला नाही. सहा फुटांचे इंच होतात बहात्तर. म्हणून सहा फूट उंचीचा वैमानिक या प्रमाणात नेमका एक इंचाचा होतो. १९३०च्या दशकात इंग्लंडात स्कायबर्ड्‌स या नावाचे लाकडी संच निघाले, त्यांनी हे प्रमाण रूढ केले. १९३६ मध्ये फ्रॉगने त्याच प्रमाणात प्लास्टिकचे संच काढले, आणि १९५३ मध्ये एअरफिक्सचे स्पिटफायर वुलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांस मिळू लागले. मधल्या काळात युद्ध होऊन गेले. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडून याच प्रमाणाची पाच लाख लाकडी विमाने मागविली होती. शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते, हे आकृतीवरून ओळखण्यास सैनिकांना त्यावर शिकवीत. पस्तीस फुटांवर धरलेले हे खेळणे डोळ्याला जेवढे दिसते, तेवढेच खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसते. हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. आम्ही कारकून असल्यामुळे तो आधीच करून पाहिला आहे.

संचाच्या खोक्यात जे मिळते, त्याने विमान उभे राहते. परंतु साच्यात ओतलेले प्लास्टिक फार पातळ करता येत नाही. या प्रमाणात एक मिलिमीटर जाडीचा भाग म्हणजे खऱ्या विमानातील बहात्तर मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ आमच्या घराच्या उंबऱ्याएवढा. खुर्चीचे पट्टे, घड्याळांच्या तबकड्या, कळांच्या ओळी साच्यातून निघतात त्या गुळाच्या ढेपेवर बोटे उमटावीत तशा. येथून जोडसामानाचा निराळा व्यापार सुरू होतो. छंदी मंडळी त्यास आफ्टरमार्केट म्हणतात. संच एकाने काढावा आणि त्यातील उणे दुसऱ्याने भरून काढावे, असा हा प्रकार आहे.

यातील पत्र्याचे काम आम्हांस सर्वांत नवलाचे वाटते. पितळेच्या अतिपातळ पत्र्यावर प्रकाशाने पालटणारा लेप देतात, त्यावर नक्षीची फिल्म ठेवून उजेड पाडतात आणि मग आम्लद्रव्यात नको तेवढा धातू विरघळवून टाकतात. शिल्लक राहतो तो उपकरणांचा फलक, मुगाच्या डाळीएवढ्या पट्ट्यांचा आणि केसासारख्या दांड्यांचा. चेक देशातील एदुआर्द ही १९८९ मध्ये निघालेली कंपनी असे पत्रे रंगवूनसुद्धा देते. खुर्च्या रेझिनच्या येतात. मूळ नमुन्यावर सिलिकॉन रबराचा साचा घेऊन त्या ओतलेल्या असतात आणि त्यांवरील गादीला पडलेल्या सुरकुत्याही दिसतात. नाकापुढची वाऱ्याचा वेग मोजणारी नळी पोलंडात पितळेतून कातून काढतात. काचेचे झाकण हवे तर पारदर्शक पत्रा तापवून, हवा शोषून साच्यावर बसविलेले मिळते. प्लास्टिकला प्लास्टिक चिकटते ते विरघळून; पण पितळ काही विरघळत नाही, म्हणून त्याला सायनोॲक्रिलेटचा एक थेंब, तोही सुईच्या टोकावर घेऊन लावावा लागतो. चिमट्यातून एखादी कळ उडाली, की त्या दिवशी घरचा केर आम्ही काढतो.

या साऱ्यास पैसे पडतात, आणि पुष्कळदा जोडसामानाची किंमत मूळ संचाहून अधिक होते. आमच्या सौभाग्यवतीने एकदा भिंगातून ते कॉकपिट पाहिले आणि विचारले, "हे झाकण बसविल्यावर आतले कोणाला दिसणार आहे?" आम्ही म्हणालो, "फाइलीच्या प्रत्येक पानावर आम्ही क्रमांक घालतो, तो तरी कोण पाहतो?" त्यावर तिने शांतपणे दाखवून दिले, की त्या क्रमांकांचा पगार मिळतो. वादात हरण्याची सवय असलेल्या माणसाप्रमाणे आम्ही पुन्हा चिमटा हाती घेतला. पण प्रश्न तेथेच राहिला.

त्या वेळी टेबलावर होते ते मिग-२१ बिस. हे विमान निवडण्यास कारण आहे. आमचे गाव निफाड तालुक्यातले, ओझरच्या जवळचे. १९६४ मध्ये ओझरला मिगचा कारखाना निघाला, आणि द्राक्षांच्या मळ्यांवरून विमाने उडू लागली. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, १९८०च्या दशकाच्या आरंभी तेथे कामास लागले. मिग-२१ची नवी बांधणी १९८७ पर्यंत चालली. पुढे त्यांच्या हाती दुरुस्तीला येणारी विमाने आली. कॉकपिटच्या फलकामागून जाणाऱ्या विजेच्या तारांच्या जुड्या बांधणे हे त्यांचे काम. फलक जागेवर बसला, की अण्णांचे काम कोणालाही दिसत नसे, वैमानिकालाही नाही.

आणि आमची नेमणूक झाली ती चंडीगडला. १९६३ मध्ये मिग-२१ची पहिली तुकडी याच शहरी उभी राहिली, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्या विमानांना हवाई दलाने निरोप दिला तोही येथेच. त्या महिन्यात अण्णा आमच्याकडे राहावयास आले होते. सरावाची उड्डाणे चालू होती. आवाज आला की अण्णा जेवता जेवता थांबत, पण उठून गॅलरीत जात नसत. "दोन आहेत," एवढेच म्हणत आणि पुढचा घास घेत.

टेबलावरचे विमान त्यांनी पहिले दोन दिवस पाहून न पाहिल्यासारखे केले. तिसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयातून आलो तो अण्णा भिंग घेऊन बसलेले. मिगचे कॉकपिट आतून निळसर हिरवे असते. आणि रंगाच्या तीन निर्मात्यांच्या तीन बाटल्या एकीसारखी दुसरी नाही, म्हणून आम्ही तो रंग अजून दिला नव्हता. आम्ही तिन्हींचे ठिपके एका पांढऱ्या कार्डावर काढून त्यांच्यापुढे ठेवले.

अण्णांनी कार्ड खिडकीशी नेले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हा मधला जवळचा आहे. पण हा नव्या विमानाचा. आमच्याकडे जी येत, ती दहा-दहा वर्षे उन्हात उभी राहिलेली. डावीकडे, जेथे वैमानिकाचा हात टेकतो, तेथला रंग उडालेला असे. तेथे खालचा धातू दाखव."

"किती दाखवू, अण्णा?"

"नखाएवढा. तुझ्या मापात नखाएवढा म्हणजे काय होईल ते तू बघ."

आमच्या मापात ते सुईच्या टोकाएवढे झाले. त्या संध्याकाळी सासरे-सून दोघेही दिव्याखाली वाकून पाहत होते, आणि झाकणाखालचे कोणाला दिसणार हा प्रश्न कोणी काढला नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अण्णांपाशी एक खिशात मावणारी निळी डायरी आहे. ज्या ज्या विमानात त्यांनी काम केले, त्याचा क्रमांक आणि तारीख तीत लिहिलेली आहे. कारखान्याच्या नोंदी निराळ्या होत्या. ही त्यांची स्वतःची. मिग-२१च्या अपघातांच्या बातम्या पुष्कळ येत, वर्तमानपत्रांनी त्या विमानाला उडत्या शवपेटीचे नाव दिले होते, हे वाचकांस ठाऊकच आहे. आम्ही शाळेत असताना अशी बातमी आली, की अण्णा काही बोलत नसत. बातमीत क्रमांक नसे. तो त्यांना दोन-चार दिवसांनी कोठून तरी कळे. मग जेवणाआधी ते कपाट उघडीत, भिंतीकडे तोंड करून डायरी चाळीत आणि ती परत ठेवीत. आई ताट वाढून वाट पाहत राही. अपघाताची कारणे अनेक असतात. पक्षी आदळतो, हवा पालटते, इंजिन दगा देते, माणूस थकलेला असतो. चौकशी करणारे ती करीत आणि निष्कर्ष लिहीत. पण फलकामागे तारा बांधणाऱ्याच्या मनात जी चौकशी चालते, तिचा निष्कर्ष कोण लिहिणार? डायरीत काय सापडले, हे त्यांनी आईलाही कधी सांगितल्याचे आम्हांस माहीत नाही. ताटावर बसल्यावर त्यांनी अधिक भाकरी मागितली, तर क्रमांक डायरीत नव्हता, असे आम्ही मनाशी धरीत असू. आमचा हा तर्क खरा होता की खोटा, हेही आम्ही कधी विचारले नाही.

निरोपाचा समारंभ अण्णांनी घरीच दूरचित्रवाणीवर पाहिला. विमाने उतरली, पाण्याच्या फवाऱ्यांनी त्यांना सलामी दिली गेली, आणि अण्णांनी चष्मा काढून पुसला. नंतर म्हणाले, "तुझे कुठवर आले?"

आमचे झाकणापर्यंत आले होते. बिसचे झाकण उजव्या अंगास उघडते, आणि संचात ते उघडे अथवा मिटलेले, कसेही बसविण्याची सोय असते. जोडसामानावर एवढा खर्च केलेला कोणताही शहाणा माणूस ते उघडे ठेवील. आम्हीही तेच ठरविले होते. फलकावरच्या तबकड्या, खुर्चीचे पट्टे, उडालेला तो सुईच्या टोकाएवढा रंग, सारे दिसले असते. आम्ही अण्णांना विचारले.

"उघडे म्हणजे विमान उभे आहे," ते म्हणाले. "कोणी तरी आत काम करतो आहे, नाही तर वैमानिक अजून यायचा आहे. मिटले म्हणजे आमचे काम झाले." थोडे थांबून म्हणाले, "तुझे विमान आहे. तुला पाहिजे तसे कर."

आम्ही ते मिटले. सौभाग्यवतीने काचेवर भिंग धरून पाहिले. आतली निळाई दिसली आणि खुर्चीचा माथा. बाकीचे आत राहिले.

शेवटी उरला क्रमांक. संचाबरोबर पाण्यात भिजवून सरकवावयाची चिन्हे येतात, त्यांत ठरावीक विमानांचे क्रमांक छापलेले असतात. आम्ही त्यांतील एक लावणार तोच अण्णा उठले, बॅगेतून निळी डायरी काढून आणली आणि म्हणाले, "सुटे आकडे मिळतात का रे?" मिळतात. ज्वारीच्या दाण्याएवढ्या सुट्या आकड्यांचा एक कागद आमच्याकडे होता. अण्णांनी पाने उलटली. पानांवर ओळीने क्रमांक होते, आणि काहींच्या पुढे समासात बारीक फुली होती. फुलीचा अर्थ त्यांनी सांगितला नाही, आणि आम्ही विचारला नाही. एका पानावर ते थांबले. समासावर त्यांचा अंगठा होता. एकेक आकडा त्यांनी वाचून दाखविला, आणि आम्ही तो पाण्यातून काढून विमानाच्या अंगावर सरकविला. तिसरा आकडा किंचित तिरपा वाटला, तेव्हा त्यांनी भिंगातून पाहून सांगितले, "केसभर वर घे." घेतला. मग त्यांनी डायरी मिटून बॅगेत ठेवली.

तो क्रमांक परत आलेल्या विमानाचा, की न आलेल्या, हे आम्हांस माहीत नाही. अण्णा आता ओझरला आहेत. रविवारी त्यांचा फोन येतो. पाऊसपाणी, द्राक्षांचे भाव, नातवाची शाळा झाली, की ते विचारतात, "आकडे सुटले तर नाहीत ना?" येथली हवा कोरडी, उन्हाळा कडक, चिन्हांच्या कडा उचलल्या जाण्याची भीती असतेच. आम्ही कपाट उघडून विमान उजेडात धरतो, एकेक आकडा नीट पाहतो आणि सांगतो, "नाही अण्णा, वर वॉर्निशचा हात दिला आहे. पक्के आहेत."