साठ दिवस, पुरे साठ!

काल रात्री दोनपर्यंत जागा होतो आणि आता कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. रीपर! रेकॉर्डिंगच्या या सॉफ्टवेअरचं नाव लिहून ठेवा.

चांदूर बाजारच्या आमच्या गल्लीतलं खंजिरी भजन मंडळ मला केव्हाचं रेकॉर्ड करायचं होतं. तुकडोजी महाराजांचा हा मुलूख, खंजिरीचा आवाज इथे कानात मुरलेला. आधी दोन सॉफ्टवेअर आजमावली. एकात काम सेव्हच होईना. दुसऱ्याची मोफत मुदत चौदा दिवस, त्यातले दहा बटणं ओळखण्यातच गेले. संत्र्याच्या बागेचा सौदा करताना व्यापारी झाडामागून झाड हिंडतो, फळ चाखतो. मला मात्र बाग कुंपणाबाहेरूनच दाखवत होते.

रीपरने फाटकच उघडलं. ६० दिवस, सगळ्या सोयींसह! ना कार्ड, ना खातं. फाइल इतकी लहान की माझ्या जुन्या लॅपटॉपवरही भुर्रकन बसली. किंमत ६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या थोडी वर. व्यवसायातून वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा जास्त मिळवणाऱ्यांना २२५. प्रोग्राम दोघांनाही तोच! सातव्या आवृत्तीचा परवाना ८.९९ पर्यंत चालतो. मुदत संपली तरी कुलूप लागत नाही, उघडताना आठवण तेवढी येते. आणि हे बनवणारा कोण? जस्टिन फ्रँकेल, ज्याच्या विनॅम्पवर आमच्या पिढीने गाणी ऐकली! १९९९ मध्ये त्याने आपली कंपनी एओएलला विकली, २००४ मध्ये तिथून बाहेर पडला आणि कॉकोस ही छोटी कंपनी काढली.

पण खरी गंमत काल रात्रीची. मंदिरातल्या पंख्याची घरघर सगळ्या रेकॉर्डिंगभर पसरलेली. रीपरसोबतच येणाऱ्या रीआफिर या प्लगइनला भजनाआधीचा नुसता पंखा दोन-चार सेकंद ऐकवला. त्याने घरघर ओळखली आणि अख्ख्या भजनातून वजा केली! खंजिरीच्या चकत्यांची किणकिण अशी मोकळी झाली की अंगावर काटा आला.

सकाळीच मंडळाच्या बुवांना हेडफोन लावून दिला. डोळे मिटून ऐकलं त्यांनी, दोनदा. मग विचारलं, “पैसे न घेताच सारं देऊन देलं त्यानं?”

“हो बुवा, साठ दिवस.”

“मंग तू कायले साठ दिवस थांबतं बापू? आजच देऊन टाक.”

आज एकोणिसावाच दिवस. दुपारी परवाना घेतला. गुरुवारी पुन्हा माइक लावायचे आहेत, या वेळी खंजिरीला दोन.