मावशींनी पाहिलेलं वेरूळ

ज्या गावी पाहण्यासारखं पुष्कळ, त्या गावच्या बायकांना पाहुणेही पुष्कळ! छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचं औरंगाबाद, हे त्यांतलंच. एका बाजूला वेरूळ, दुसरीकडे अजिंठा, वाटेत देवगिरीचा किल्ला, गावात बिबीका मकबरा आणि पाणचक्की. माझ्या मैत्रिणीच्या मावशी गुलमंडीजवळ राहतात. सुट्या लागल्या की त्यांच्या माडीवरच्या गाद्या गुंडाळायची वेळच येत नाही.

जानेवारीत मैत्रीण, तिची दोन मुलं, तिचे दीर-जाऊ आणि मी, अशी सहा जणांची पलटण त्यांच्या दारात उतरली. सकाळी गरमागरम सुशीला पुढे आला. आपल्याकडे पोह्यांचा जो मान, तो मराठवाड्यात भिजवलेल्या मुरमुऱ्यांच्या या सुशील्याचा. तो खाऊन पाणचक्की पाहायला गेलो.

पाणचक्की म्हणजे पाण्यावर चालणारं जातं. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही मैल आणून उंचावरून हौदात सोडलेलं, आणि त्याच्या जोरावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जाई. दळणाला बाई नको, बैल नको! हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत, त्यामुळे आत गारवा. मलिक अंबरानं १६१० मध्ये इथं खडकी नावाचं गाव वसवलं, त्यानंही असाच नहर खोदून गावाला पाणी दिलं होतं. पुढे त्याच गावाला औरंगजेबानं १६५३ मध्ये स्वतःचं नाव दिलं.

संध्याकाळी मकबरा. ताजमहालाची नक्कल म्हणून लोक नाकं मुरडतात. वर घुमट आणि खालचा थोडा भाग संगमरवरी, बाकी चुन्याचा गिलावा, हे खरंच आहे. पण दिलरसबानू बेगम पाचव्या बाळंतपणानंतर महिन्याभरातच, १६५७ मध्ये गेली, हे कळल्यावर मला नक्कल-बिक्कल काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी वेरूळचा बेत होता. रात्री मावशी उद्याच्या धपाट्यांसाठी ज्वारी, बेसन आणि गव्हाचं पीठ मोजून काढत होत्या. मी सहज विचारलं, “मावशी, लेण्यांतलं तुम्हाला काय जास्त आवडतं?”

“मी कुठं पाहिलीयत, बाई?”

लग्न होऊन त्यांना बेचाळीस वर्षं झाली. घृष्णेश्वराला दोनदा गेल्या, तेही दर्शन घेऊन लगेच परत. लेणी तिथून अगदी जवळ, पण घरी पाहुण्यांचा स्वयंपाक खोळंबलेला! सासूबाई होत्या तोवर त्यांचं पथ्यपाणी, मग नातवंडं. आणि आता पाण्याचा दिवस. जायकवाडीसारखं मोठं धरण पैठणला असून या गावात वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी नाही. चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा घरात कुणीतरी लागतंच. ते ‘कुणीतरी’ म्हणजे मावशी, हे ठरलेलं.

“उद्या नेमकं पाणी आहे. तुम्ही जाऊन या. आणि दगडच तर आहेत!”

मैत्रिणीची जाऊ एरवी फारशी बोलत नाही. ती एकदम म्हणाली, “काका, तुम्ही घरीच आहात ना उद्या?”

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “भरीन की मी. त्यात काय?”

मग अर्धा तास सूचना. पिण्याचं आधी भरा, माठ विसळून घ्या, मोटर बंद करायला विसरू नका. गाडीत बसतानाही मावशींनी मागे वळून तेच सांगितलं.

वेरूळ शहरापासून साधारण तीस किलोमीटर. एकूण चौतीस लेणी: पहिली बारा बौद्धांची, पुढची सतरा हिंदूंची, शेवटची पाच जैनांची. मावशींचे गुडघे दुखतात, म्हणून सगळी पाहण्याचा हट्ट धरला नाही. सोळावं, कैलास, फाटकातून गेलं की समोरच आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणून हे देऊळ काढलं. पायाआधी कळस! मावशी मान वर करून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या.

रावण कैलास हलवतो त्या शिल्पापाशी गाइड रावणाच्या हातांबद्दल सांगत होता. मावशी म्हणाल्या, “अहो, पार्वतीनं बघा कसा नवऱ्याचा दंड घट्ट धरलाय! आणि ती दासी बघा, पळत सुटली. तिला कोण धरणार?” गाइडही हसला.

चौदाव्या लेण्यात सप्तमातृका आहेत, ओळीनं बसलेल्या, लेकरं घेऊन. तिथं मात्र मावशी काही बोलल्या नाहीत. एकेकीसमोर थांबल्या, हात जोडले, शेवटच्या मातेपासून पुन्हा पहिलीकडे आल्या. दीर घड्याळ बघायला लागले, तर जावेनंच त्यांना डोळ्यांनी दटावलं.

घरी परतलो तर काकांनी पिंप, बादल्या, कळशा तर भरल्याच होत्या, पण पराती, कुकर आणि चहाचं भांडंसुद्धा काठोकाठ! चहा करायला आधी भांडं कुठं रिकामं करायचं, हा प्रश्न पडला.

तुम्ही जाणार असाल तर वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद, हे ध्यानात ठेवा. हिमरूची शाल घेताना उलटी बाजू पाहा. सुती ताण्यावर रेशमाची नक्षी, आणि मागे मोकळे धागे दिसायला हवेत. आणि ओळखीच्या घरी उतरणार असाल, तर गाडी ठरवताना घरच्या बाईची जागा धरूनच ठरवा. धपाटे आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून थापले तर तासाभरात होतात.

आता अजिंठा राहिलंय. शंभरेक किलोमीटर, म्हणजे पूर्ण दिवस, आणि चढही आहे. तिथं डोलीवाले मिळतात, असं मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, तर मावशी म्हणाल्या, “मी काय नवरी आहे?” तारीख मात्र त्यांनीच काढली: होळीच्या आधीची, सोमवार सोडून. त्या दिवशी पाणी आलंच, तर काका आहेत.