दोन काटे एकत्र वाच

मांजरसुंबा, जि. बीड

चि. राणी,

तुझं सेसना १७२ विमानाचं पुस्तक सुट्टीत इथंच राहिलं. गिऱ्हाईक नसताना त्यातला ऑइलचा भाग वाचून काढला. इंग्रजीला वेळ लागला, इंजिनाला नाही.

तुझ्या इंजिनाला रेडिएटर नाही, पाणी नाही. हवा आणि ऑइल, एवढ्यावरच ते थंड राहतं. भरून ८ क्वार्ट, म्हणजे साडेसात लिटर. ५ च्या खाली असेल तर उडायचंच नाही. म्हणून डिपस्टिक स्वतः बघ, दुसऱ्यानं सांगितलेलं धरू नकोस, आणि झाकण घट्ट बसलंय का तेही बघ. स्टार्ट केल्यावर ३० सेकंदांत प्रेशर आलं नाही तर इंजिन बंद.

आपल्या घाटात गाडी चढून येते, ड्रायव्हर चहा मागवतो आणि म्हणतो, ‘ऑइलची लाल बत्ती लागतीय मिस्त्री, पण सेन्सरच गेला असंल.’ कधीकधी खरंच सेन्सर गेलेला असतो. बाकीच्या वेळी क्रँकचं बेअरिंग गेलेलं असतं, आणि गाडी चार दिवस माझ्या दारात उभी राहते. त्याला रस्त्याच्या कडेला थांबता येतं, म्हणून त्याचं हे बोलणं खपून जातं.

तुझ्याकडे दोन काटे आहेत, प्रेशरचा आणि तापमानाचा. ते एकत्र वाच. प्रेशर पडलं पण तापमान जागेवर असेल, तर बिघाड काट्यात किंवा रिलीफ व्हॉल्व्हमध्ये असू शकतो. जुन्या विमानांत काट्यापर्यंत ऑइलची बारीक नळी येते. ती फुटली तरी वाटेतल्या बारीक छिद्रामुळे सगळं ऑइल एकदम वाहून जात नाही. तरीही जवळच्या धावपट्टीवर उतरून तपासायचं. प्रेशर गेलं आणि तापमान चढायला लागलं, तर इंजिन जाम व्हायच्या वाटेवर आहे. लगेच पॉवर कमी कर, नाइलाजानं लागेल तेवढीच ठेव, आणि उतरायला जागा शोध.

आता मिस्त्री म्हणून माझी एक भर. ऑइल झपाट्यानं निघून गेलं असेल तर तापमानाचा काटा चढेलच असं नाही, कारण त्याच्या टोकाशी मोजायला ऑइलच उरलेलं नसतं. तेव्हा दुसऱ्या काट्याची वाट बघत बसू नकोस. सिलिंडर हेडचं तापमान दिसत असेल तर ते बघ, काचेवर ऑइलचे शिंतोडे आलेत का बघ, आणि हे बघताना विमानाचं तोंड आधीच धावपट्टीकडे वळलेलं असू दे.

मोठेमोठेही इथं चकतात. ५ मे १९८३ ला ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं विमान मायामीहून नासाऊला निघालं होतं. एका इंजिनाचं ऑइल प्रेशर पडलं, म्हणून ते बंद करून विमान माघारी वळलं. मग उरलेल्या दोन्ही इंजिनांचे काटेही शून्यावर आले. तिन्ही एकदम कशी जातील, काटेच चुकत असतील, असं वैमानिकांना वाटलं. त्यांचा तर्क वाईट नव्हता. मीही तोच केला असता. पण देखभालीत, ऑइलमधला चुरा पकडणाऱ्या चिप डिटेक्टरच्या ओ-रिंगा बसवायच्या राहिल्या होत्या, आणि तिन्ही इंजिनांतून ऑइल गळत होतं. ती दोन इंजिनंही बंद पडली. शेवटी आधी बंद केलेलं पुन्हा चालू करून त्या एकावर सगळे १७२ जण सुखरूप उतरले.

तुमचे मेकॅनिक ५० तासांनी फिल्टर बदलतात. जुना फिल्टर कापून घड्या उलगडतात, तेव्हा जवळ उभी राहा. त्यात धातूचा चुरा दिसला तर ते इंजिन आतून झिजतंय. काट्यावर ते फार उशिरा कळतं. आणि पावसाळ्यात विमान बरेच दिवस उभं असेल तर त्यांना कॅमशाफ्टबद्दल विचार. या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतो, त्यावरचं ऑइल निथळून जातं आणि त्याला गंज धरतो.

राहिलं उतरायचं रान. इंजिन बंद पडल्यावर तुझं सेसना हजार फुटांमागं साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं, वारा नसेल तर. तू उडतेस त्या बारामतीकडचा ऊस वरून गवतासारखा मऊ दिसत असेल, पण तो पुरुषभर उंच असतो. पावसाळ्यातलं काळं रान चाक धरून ठेवतं. विहीर दिसली की तिथं मोटारीचा पोल असणार आणि पोलाला तार असणार. तार वरून दिसत नाही, म्हणून पोल शोध. काढणी झालेलं ज्वारीचं रान मिळालं तर उत्तम, पण ताटांच्या ओळीला धरून उतर, आडवी नको.

पुस्तक परवाच्या एसटीनं पाठवतो. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, खोडू नकोस.

तुझा,
मामा