विकल्यानंतरची बंदूक

शिवणयंत्र, घड्याळ, मोटार यांच्या कारखानदारांशीं आलेल्या बऱ्यावाईट अनुभवांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. बंदुकीच्या कारखानदाराविषयीं मात्र आपल्याकडे सहसा कोणी लिहीत नाहीं. कारण पांढरपेशाच्या घरांत बंदूक असते हेंच मुळीं कित्येकांस खरें वाटत नाहीं. परंतु कोंकणांत ज्यांचीं भातशेतें आणि आंबाकाजूच्या बागा रानाला लागून आहेत, त्यांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. रानडुकरें एका रात्रींत उभें पीक कसें लोळवितात हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला कुलपांतील बंदूक आणि कोनाड्यांतील कंदील हीं दोन्हीं सारखींच गृहोपयोगी वाटतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट निर्देश आहे. डुकराचा जीव घेण्यास वनखात्याची अनुज्ञा लागते; म्हणून आमच्यासारख्यांच्या बंदुकीचें काम आकाशांत एखादा बार काढून कळप पिटाळण्यापुरतेंच असतें. क्षात्रतेज वगैरेंचा यांत कांहीं संबंध नाहीं. खोटें कशाला सांगा!

आमच्या आजोबांनीं मुंबईच्या दुकानांतून घेतलेली दुनळी बंदूक बर्मिंगहॅमची होती. त्या शहरांत १८१३ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झालेलें एक परीक्षागृह आहे. प्रत्येक नळींत नेहमींहून अधिक जोराचा बार भरून तेथें उडवितात आणि नळी टिकली तरच तिच्यावर मुद्रा उठवितात. आमच्या बंदुकीच्या नळ्यांच्या खालच्या अंगास त्या बारीक मुद्रा होत्या. लहानपणीं आम्हां मुलांस तीं कांहीं मंत्राक्षरें वाटत. १९९४ सालीं तिच्या उजव्या घोड्याची कमान तुटली. वडिलांनीं मूळ पेढीस आपल्या ठेवणींतल्या इंग्रजींत पत्र लिहिलें, बंदुकीचा क्रमांक कळविला आणि कमान मिळूं शकेल काय अशी पृच्छा केली. साठ वर्षांपूर्वींच्या गिऱ्हाइकाच्या मुलास कोण उत्तर देतो, असें आम्ही भावंडें आपसांत म्हणत होतों.

सहाव्या आठवड्यांत उत्तर आलें, आणि तें दोन पानांचें होतें. जुन्या इंग्रज पेढ्या आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद वहींत करीत असत, आणि क्रमांक कळविल्यास त्यांतील अनेक पेढ्या ती नोंद अजूनही पाहून देतात. त्या वहीवरून त्यांनीं बंदूक कोणत्या महिन्यांत पुरी झाली, मुंबईस कोणाकडे रवाना झाली, दोन्ही नळ्यांचीं तोंडें किती आवळलेलीं आहेत, हें सारें उतरवून पाठविलें. कमान शिल्लक नव्हती. तिच्याऐवजीं कोणाही कुशल कारागिरास ती घडवितां यावी म्हणून मापांसह एक आकृति जोडली होती. आणि शेवटीं, आम्हीं विचारलेलें नसतांना, एक परिच्छेद होता. ही बंदूक अडीच इंची काडतुसांसाठीं केलेली आहे. हल्लीं मिळणारीं पावणेतीन इंची काडतुसें तिच्यांत बसलेलीं दिसतील खरीं, परंतु उडतांना त्यांचें तोंड पुरतें उघडण्यास जागा राहात नाहीं आणि आंतील दाब भलताच वाढतो. तरी तीं कृपा करून वापरूं नयेत. आमच्या कपाटांत त्या वेळीं पावणेतीन इंची काडतुसांची एक अख्खी पेटी येऊन पडलेली होती. त्या पत्रापासून त्या पेढीस एक पेनीचाही लाभ व्हावयाचा नव्हता.

तेव्हांपासून या धंद्यांतील मंडळी विकून गेलेल्या मालाविषयीं कशी वागतात हें वाचण्याचा मला नादच लागला म्हणा ना. अमेरिकेंत कोल्टचा कारखाना जुन्या पिस्तुलाचा क्रमांक घेऊन त्याच्या रवानगीचा दाखला फी घेऊन देतो. विन्चेस्टरच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंगमधील कोडी गांवच्या संग्रहालयांत जपलेल्या आहेत. पण हें झालें हौशी लोकांचें. खरी परीक्षा माल सदोष किंवा धोकादायक निघाल्यावर होते, आणि तेथें दोन कारखान्यांचीं उदाहरणें मला फार बोलकीं वाटतात.

पहिला कारखाना रूगरचा. त्याच्या १९७३ पूर्वींच्या एका धर्तीच्या रिव्हॉल्व्हरांत घोड्याखालींच काडतूस असलें आणि हत्यार हातांतून पडून घोड्यावर आघात झाला, तर तें उडण्याचें भय असे. म्हणून त्या घरांत काडतूस घालूं नये अशी जाणत्यांची रीत होती. १९७३ सालीं कारखान्यानें नवी सुरक्षित रचना काढली, आणि १९८२ पासून जुन्या रिव्हॉल्व्हरांतही तशी दुरुस्ती फुकट करून देण्याचें जाहीर केलें. रिव्हॉल्व्हर मूळ गिऱ्हाइकाचें असो वा चौथ्या हातचें असो, पाठवा, दुरुस्त होऊन येईल. काढलेले जुने भागही मालकास परत मिळतात. ही बारीकशी सभ्यता मला विशेष वाटते. ज्याची वस्तु त्याची, मोडकीही त्याचीच.

दुसरा कारखाना रेमिंग्टनचा. १९६२ पासून विकल्या गेलेल्या ‘सातशें’ नांवाच्या रायफलीचा चाप न ओढतां ती उडते अशा तक्रारी वर्षानुवर्षें येत राहिल्या. तो चाप ज्या अभियंत्यानें रचला, त्यानेंच १९४८ सालीं एक सुधारणा सुचविली होती. तिचा खर्च दर रायफलीमागें साडेपांच सेंट येणार होता, आणि ती अमलांत आली नाहीं. २००० सालीं मोंटाना प्रांतांत अशाच एका रायफलीची गोळी लागून नऊ वर्षांचा एक मुलगा गेला. रायफल त्याच्या आईच्या हातांत होती. कारखान्यानें दोष असल्याचें कधीं मान्य केलें नाहीं. परंतु २०१४ सालीं पुढें आलेल्या तडजोडींत चाप बदलून देण्याचें कबूल केलें. ती तडजोड अंतिम होण्यास २०१८ उजाडलें. रायफली सुमारें ७५ लाख. प्रारंभीं अर्ज आले ते केवळ दोन-अडीच हजार! न्यायाधीशांनीं जाहिरातीची नवी योजना करावयास सांगितलें. कारण त्या देशांत कोणती बंदूक कोणाच्या घरीं आहे याची मध्यवर्ती नोंद नाहीं. १९८६ च्या कायद्यानें तशी नोंद ठेवण्यास उलट मनाईच केली. शिवाय ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठीं १९७२ सालीं जें सरकारी मंडळ निर्माण झालें, त्याच्या अधिकारांतून बंदुका वगळलेल्या आहेत. खेळण्यांतील सदोष बंदूक तें मंडळ बाजारांतून परत मागवूं शकतें, खरी मागवूं शकत नाहीं.

हें सारें मीं चवीनें वाचलेलें होतें, आणि तेवढ्यांत आमच्याच घरावर प्रसंग आला. आजोबांची बंदूक म्हातारी झाली म्हणून शेती पाहणाऱ्या माझ्या पुतण्यानें एक नवी एकनळी घेतली. ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकास परदेशी बंदूक मागविण्याची वाट जवळजवळ बंद झालेली असल्यामुळें ती देशीच असणार हें ओघानें आलें. कारखान्याचें नांव येथें देत नाहीं. २०१७ च्या पावसाळ्यांत एका रात्रीं मळ्याच्या बांधावर उभें राहून त्यानें काडतूस भरलें, नळी मिटली, आणि मिटतांच बार झाला. घोडा चढविलेला नव्हता, चापाला बोट लागलेलें नव्हतें. नळीचें तोंड जमिनीकडे ठेवूनच बंदूक मिटावी असा आजोबांचा दंडक घरांत चालत आलेला होता म्हणून छर्रे त्याच्या पावलापासून दोन हातांवर चिखलांत शिरले. कंदील धरून शेजारीं उभा असलेला गडी तर मटकन् खालींच बसला.

वहिनींनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा देतांना सांगितलें, “भाऊजी, भात डुकरांनीं खाल्लें तर पुढल्या वर्षीं पुन्हा पिकेल. ती वस्तु माझ्या घरांत नको.” यावर बोलण्यासारखें कांहींच नव्हतें. बंदूक परवान्यासह घाटावरच्या शहरांत, जेथून घेतली होती त्या दुकानदाराकडे नेली. इतर वस्तूंप्रमाणें ही टपालानें कारखान्याकडे धाडतां येत नाहीं. दुकानदाराच्या वहींत नोंद करून, त्याच्या हातींच सोपवावी लागते. त्यानें नळी वांकवून पाहिलें. काडतुसाच्या टोपीवर आघात करणारी पिन बार झाल्यावर मागें सरावयास पाहिजे ती पुढेंच अडकून राहात होती. तेव्हां नळी मिटतांना टोपी तिच्यावर आपटणार हें उघड होतें. “माल कारखान्याचा आहे साहेब, आमचें नुसतें बिल,” असें म्हणून त्यानें हात झटकले.

मीं कारखान्यास पत्र लिहिलें. पहिल्यास उत्तर नाहीं. दुसऱ्यास ‘आपल्या विक्रेत्याशीं संपर्क साधावा’ असें दोन ओळींचें उत्तर आलें. तिसऱ्यास जरा सविस्तर आलें: आमचा माल पूर्ण परीक्षा होऊनच बाहेर पडतो, त्या अर्थीं दोष हाताळणींत असावा. नाडी न पाहतां निदान करणारे वैद्य पूर्वीं क्वचित् आढळत. आतां त्यांचे कारखाने निघाले आहेत. बंदूक पाहावयास मागवावी एवढेंही त्यांपैकीं कोणास सुचलें नाहीं.

त्यानंतर साधारण पंधरवड्यानें एका संध्याकाळीं दूरध्वनि आला. बोलणारा गृहस्थ वयस्क असावा. हिंदींत बोलत होता. आपण कारखान्यांत काम करतों, आपलें पत्र हातीं पडलें, एवढेंच त्यानें सांगितलें. बंदुकीचा क्रमांक त्यानें दोनदां वाचून घेतला आणि क्षणभर थांबून म्हणाला, त्या महिन्यांतल्या मालाच्या कमानी नरम आल्या होत्या, पिन मागें ओढण्याचें बळ त्यांत नाहीं. पुढच्या मालाबरोबर दुकानदाराकडे दुसरी पिन आणि कमान येईल, ती बसवून घ्या. आणि माझ्याविषयीं कोठें लिहूं नका. दोन्ही जिनसा खरोखरच आल्या. सोबत पत्र नाहीं, बिल नाहीं. बसविल्यावर बंदूक व्यवस्थित चालूं लागली. त्या गृहस्थाचें नांव मला आजतागायत ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असतें तरी येथें लिहिलें नसतें.

आमचें काम झालें; परंतु ‘त्या महिन्यांतल्या मालाच्या’ हे शब्द कांहीं केल्या मनांतून जाईनात. त्या महिन्यांतल्या बाकीच्या बंदुका कोठें आहेत? आपल्याकडे या प्रश्नाचें उत्तर मिळणें जगांतील बहुतेक देशांपेक्षां सोपें आहे. प्रेशर कुकर विकत घेणारा गर्दींत नाहींसा होतो. बंदूक घेणारा होत नाहीं. तिच्यावर निर्मात्याचें नांव आणि क्रमांक असावाच लागतो, व तो पुसणें हा गुन्हा आहे. तो क्रमांक कारखान्याच्या वहींत असतो, दुकानदाराच्या वहींत असतो, परवान्यावर असतो. परवानाधारकांची तर राष्ट्रीय सूचि तयार झाली आहे, आणि प्रत्येकास स्वतंत्र अंक मिळालेला आहे. निवडणूक आली कीं हत्यार जमा करण्याची नोटीस आमच्या आडगांवांतही बिनचूक येते. ज्या देशांत मालक सांपडत नाहींत तेथें न्यायालयानें ते शोधावयास लावले. येथें सारे मालक नांवनिशीवार सांपडतात, आणि त्यांस कोणी शोधीत नाहीं.

चौथ्या पत्रांत मीं कारखान्यास एवढेंच विचारलें कीं, त्या महिन्यांत किती बंदुका विकल्या गेल्या आणि त्यांच्या मालकांस कळविलें आहे काय. त्याचें उत्तर आलेलें नाहीं. पुढें २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याखालीं २०२० सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणास धोकादायक माल परत मागविण्याची आज्ञा करण्याचा अधिकार मिळाला. जुनी पिन आणि जुनी कमान मीं दुकानदाराकडून आग्रहानें मागून घेतली होती. ती एका डबींत घालून ठेवलेली आहे. तिचीं छायाचित्रें, बंदुकीचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि दोन्ही उत्तरांचा वृत्तांत जोडून पांचवें पत्र मीं त्या प्राधिकरणाकडे धाडलें. त्या महिन्यांतल्या प्रत्येक मालकास एक-एक कार्ड टाकावें, आणि पिन बदलेपर्यंत बंदूक भरूं नये एवढें त्यावर लिहावें, ही त्यांतील मागणी. पत्राची पोंच आली आहे; वहिनींनीं ती वाचून पाहिली आणि परवान्याच्या पुस्तकांत ठेवून दिली.