पावतीपुस्तकातली नावं

सार्वजनिक न्यासांचे हिशेब 31 मार्चला बंद होतात आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांचं लेखापरीक्षण व्हावं लागतं. त्यामुळे देऊळगाव राजात बालाजी महाराजांच्या आश्विनातल्या यात्रेची लगबग सुरू होते, तेव्हा माझ्या टेबलावर पावतीपुस्तकांचे गठ्ठे असतात. मी ती नुसती बेरीज जुळवायला वाचत नाही. माणसं का देतात, हे मला त्यांतूनच उमगत गेलं.

नोकरदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: "80जीची सूट मिळेल ना?" मी हिशेब करून दाखवते. साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर वजावट मिळते. दहा हजार दिले तर वजावट पाच हजारांची. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून कर वाचतो 1,040 रुपये. उरलेले 8,960 तुमच्याच खिशातून गेले. दोन हजारांहून जास्त रोख दिली तर तीही सूट नाही. आणि 2023-24 पासून जी करप्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात ही वजावटच नाही. तरीही मी तपासते त्या पुस्तकांतून नोकरदारांची नावं गळलेली नाहीत, याचा मला फार आनंद आहे.

आमच्याकडचा देणगीदार बहुतेक शेतकरी. शेतीच्या उत्पन्नाला आयकरच नाही, मग त्याला वजावट कसली? सोयाबीन, कापूस नाहीतर शेडनेटमधला बियाण्याचा प्लॉट चांगला झाला की तो 501 ची पावती फाडतो. पावसाने दगा दिला की तेच नाव 51 वर येतं. नाव मात्र चुकत नाही. बापामागे मुलगा देतो, पावतीवर 'स्मरणार्थ' लिहायला सांगून. मला त्या 51 चं मोल जास्त वाटतं. अडचणीच्या वर्षातही आपण घेणारेच झालो नाही, द्यायला आपल्याकडे काही आहे, हा धीर त्या घराला त्यातून मिळतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिचा मुष्टिफंड हेच दाखवतो. बायका स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढत आणि ते वसतिगृहातल्या मुलांसाठी जाई. ज्यांच्या हातात रोख पैसा क्वचितच यायचा, त्या बायकांनी रोजच्या रोज शाळा चालवायला हात दिला. आमच्याच जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रम या गावी, शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो. तिथे पंगतीत वाढणारे हातही गावोगावच्या लोकांचेच.

आईवडिलांच्या तिथीला दरवर्षी अन्नदान व्हावं म्हणून पुष्कळ जण एकरकमी देणगी देतात. त्यांना मी आवर्जून सांगते, 'ही रक्कम कायम निधीसाठी' असं पत्र सोबत द्या. नाहीतर ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते आणि खर्चही होऊन जाते. पत्र असलं की मुद्दल बँकेत राहतं, खर्च व्याजातून होतो. पण व्याजदर उतरतात, किराणा महागतो. म्हणून काही वर्षांनी न्यासाकडे जाऊन विचारा, तिथीचा खर्च अजून भागतो का. असं विचारायला येणारी मुलं त्या निधीत बहुधा स्वतःची भर घालूनच परततात.