मागच्या रांगेचा उजेड

जुन्या अल्बममधला लग्नाचा ग्रुप फोटो पाहिला की मला एक गोष्ट खुपते. खुर्च्यांवर बसलेल्या मानकऱ्यांचे चेहरे पिठूळ पांढरे, आणि शेवटच्या रांगेतल्या बायकांच्या नुसत्या नथी लुकलुकताना दिसतात. फ्लॅश कमजोर होता, असं आपण म्हणतो; पण कारण अंतरात असतं. अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट उरतो. पुढची रांग फ्लॅशपासून २ मीटरवर आणि मागची ४ मीटरवर असेल, तर फ्लॅश कितीही जोरात मारला तरी मागच्यांना पुढच्यांच्या पावपटच मिळणार. फ्लॅशच्या तोंडावर डिफ्यूझर लावला की झोत आडवा पसरतो, कडेची माणसं उजळतात. मागची तशीच अंधारात. फ्लॅश आणखी ४ मीटर मागे नेला तर मात्र अंतरं ६ आणि ८ होतात, आणि मागच्या रांगेला पुढच्यांच्या निम्म्याहून जास्त उजेड पोचतो. एकूण उजेड घटतो, हे खरं. पण आयएसओ वाढवून तो भरून काढता येतो. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील, माणूस हरवायला नको.

असमान उजेडालाही सौंदर्य असतं, असा आक्षेप येईल. त्याला दाखलाही आहे. जर्मनीत १८८७ साली मीठे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर काढली आणि पत्रकार जेकब रीस ती घेऊन न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कोंदट खोल्यांत शिरला. बेयार्ड स्ट्रीटवरच्या खोलीत दाटीवाटीनं झोपलेल्या भाडेकरूंचा त्याचा फोटो आजही अंगावर येतो. तिथे उजेड पडणं हेच मोठं होतं, तो सारखा पडण्याची अपेक्षाच गैर. ग्रुप फोटोचं तसं नाही. तिथे प्रत्येक जण आपण ओळखू यावं म्हणूनच उभा असतो. आणि सारखा उजेड म्हणजे सपाट चेहरे, असंही नाही. फ्लॅश स्टँडवर चढवून, जरा बाजूला घेऊन झोत शेवटच्या रांगेवर रोखला, तर पुढच्यांवर त्याची फक्त कड पडते. नाकाखाली, गालाखाली सावलीही राहते. पांढरं छत असेल तर त्यावरून बाउन्स केलेला उजेड उत्तमच, पण मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडावरून तो परतला की सगळ्यांचे चेहरे रंगतात. म्हणून स्टँडच बरा. तो उभा करायला पाच मिनिटं लागतात, आणि नेमकी तेवढ्यातच पंगतीची घाई सुरू होते. यजमानांनी ती पाच मिनिटं फोटोग्राफरला द्यावीत. शेवटच्या रांगेत बहुतेक वेळा सकाळपासून राबलेली माणसंच उभी असतात.